पिवळं

नळीत पाणी घ्यायचं, तीन थेंब टाकायचे,
हलवून उजेडाकडे धरायचं.
पिवळं झालं तर चांगलं.
इतकंच शिकवलं तालुक्याला, दोन दिवसांच्या प्रशिक्षणात.
जेवणात बुंदी होती. जाण्यायेण्याचे पैसे अजून यायचे आहेत.

आमच्या मोहटोल्यात पिवळं म्हणजे हळद,
नाहीतर कावीळ.
डोळे पिवळे झाले की माणूस डोंग्यात बसून
पलीकडच्या झाडपाल्यावाल्याकडे निघतो.
म्हणून मी नळी वर धरून "पिवळं हाय, प्या" म्हणायचे
तेव्हा ढिवरटोलीतल्या बाया हसायच्या.

चार हातपंप, एक टाकी, सहा विहिरी.
रजिस्टर ग्रामसेवकाच्या कपाटात,
किल्ली ग्रामसेवकाच्या खिशात,
ग्रामसेवक मंगळवारी.
ब्लीचिंगचं पोतं मार्चातच संपलं होतं,
रजिस्टरात ते भादव्यापर्यंत पुरलं.

नदी आता वाहत नाही.
खाली धरणाची भिंत झाल्यापासून पाणी उभंच असतं,
बांधाला अंग घासत, गाभण म्हशीसारखं,
शहराचं काय काय पोटात घेऊन.
डोंगे बांधतात त्या खुंट्यापासून आमची विहीर
मी पावलांनी मोजली. साठ.

आमची म्हणजे सासूची. कौतिकाबाईची विहीर.
तुरीची डाळ शिजावी तर याच पाण्यात.
कुठं लग्न निघालं की बंडीवर ड्रम इथूनच भरून जायचे.
या पायरीवर सासूनं कोणाला जात विचारली नाही,
विचारायचे दिवस होते तेव्हाही नाही.

पोळा झाला आणि ढिवरटोलीत
सतरा जण हगवणीनं आडवे झाले.
समाजमंदिराच्या खिळ्यांना सलाईन.
मी अकरा जागचं पाणी भरलं,
बोटभर बाटल्या, तळाशी भुरकी पूड, वर चिठ्ठी.
त्यांना ऊब लागते
म्हणून तांदळाच्या कोठीत ठेवल्या, जुन्या लुगड्यात गुंडाळून.
लुगडं सासूचंच.

दुसऱ्या दिवशी दहा जशाच्या तशा.
अकरावी काळी.
तव्याच्या बुडासारखी काळी.

चिठ्ठी काढून दुसरीला लावता आली असती.
कोण बघत होतं? एक कोंबडी.
नवरा म्हणाला, "लिवू नोको. मंगळवारी पाहू."
याचं सगळंच मंगळवारी असतं.

बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग होता डब्यात.
काडीला चिंधी बांधून मी विहिरीच्या कठड्यावर लिहिलं
पिण्यास अयोग्य.
जागा पुरली नाही. शेवटचं अक्षर
काठावरून आत वळलं, पाण्याकडे.

सासू बाहेर आली. तिला वाचता येत नाही.
"काय लिवलं वो?"
सांगितलं.
"खणता खणता माहा माणूस म्हातारा झाला हिच्यात."
थोड्या वेळानं म्हणाली, "सतरा?"
"सतरा."
आत गेली.
तेरा दिवस माझ्या हातचं जेवली, बोलली नाही.

त्या तेरा दिवसांत मी दोनदा तालुक्याला जाऊन बसले,
साहेबाच्या दाराशी, काळी बाटली पदराखाली.
पोतं आलं. अर्धं, ओलसर.
गावाला लाल कार्डही आलं.
सरपंचानं ते कॅलेंडरच्या मागं टांगलं,
महिना बदलायला पान उलटतात तेव्हा तेवढं दिसतं.

आता मी सांजेला नळी घेऊन विहिरीशी बसते
तेव्हा सासू येऊन उभी राहते.
मोतीबिंदूतून तिला सगळंच जरा पिवळट दिसतं
आणि हे तिला माहीत आहे.
"मले इचारू नोको," म्हणते, "पोराले दाखव."

पोरगं नळी हातात घेतं,
एक डोळा मिटून आभाळाला लावतं.
"नाई झालं अजून."

मी पोत्याचं तोंड सोडते.